बारा खान्यांचं फडताळ

माझ्या आईला दोन वर्षं दिसत नव्हतं, ही गोष्ट आमच्या घरात फक्त दोघींना ठाऊक होती. एक माझी बायको आणि दुसरी स्वयंपाकघरातली उतरंड. मला ठाऊक नव्हती. मी नंदुरबारच्या एका जिनिंग फॅक्टरीत स्टोअरकीपर होतो, आणि कुठली वस्तू कुठे आहे, किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे यावर बारीक नजर ठेवण्याबद्दलच मला पगार मिळायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. आई हे सगळं का लपवत होती तेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी किती शहाणपणा केला ते तुम्हाला पायरीपायरीने तपासता येईल. कोरीटला आईची मोठी जाऊ राहायची. तिचे डोळे गेले तेव्हा तिच्या मुलांनी तिला ओसरीत नवी कोरी खाट टाकून दिली, हातात माळ दिली आणि सांगितलं, आता आराम कर. सगळ्या गावाने मुलांची वाहवा केली. आई तिला भेटून आली आणि माझ्या बायकोला एवढंच म्हणाली, "खाट दिन्ही आन चूल लिन्ही." त्यानंतर काही महिन्यांनी तिच्या स्वतःच्याच डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. तिने सुनेला चुलीपाशी बसवलं आणि सांगितलं, "मन्ही आन शे तुले, आप्पाले सांगू नको." आप्पा म्हणजे मी.

तर सून गप्प राहिली आणि आई रांधत राहिली. भाकरी, आमटी, कळण, ठेचा, सगळं पूर्वीच्याच चवीचं. मी दोन्ही वेळा पोटभर जेवत होतो आणि मला कसलाही संशय आला नाही. (संशय यायला माणसाने ताटातून मान वर काढावी लागते.)

हे तिला जमत होतं ते उतरंडीमुळे. आमच्या धाब्याच्या घरात चुलीच्या उजव्या हाताला सात मडक्यांची उतरंड होती. तळाशी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया यांचा मोठा डेरा, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान, असं करत अगदी वर सुंठीचं इवलंसं गाडगं. एकाही मडक्याचा चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. मिठाच्या मडक्याचा काठ एका जागी फुटलेला, गुळाच्या मडक्याच्या पोटावर खडबडीत ठिगळ, आणि सुंठीच्या गाडग्याचं तोंड इतकं अरुंद की आत दोन बोटंच जायची. म्हणजे माप वेगळं घ्यायलाच नको. आईचा हात वरून खाली एकदा फिरला की तिला सगळं घर दिसायचं.

आणि अशा या घरात मला सुधारणा सुचली.

दोष आमच्या इंजिनेरसाहेबांचा. ऐन हंगामात जिनाचा पट्टा तुटला, सगळी यंत्रं थांबली, आणि मी डोळ्याचं पातं लवायच्या आत पट्ट्याचे हूक काढून दिले. साहेब सुरतेकडचे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चार लोकांत म्हणाले, "आ स्टोर नथी, घडियाळ छे." झालं. त्या दिवसापासून मी घड्याळासारखा चालायला लागलो. हंगाम संपला, जिन बंद पडलं, कापसाची शेवटची गाडी गेली, आणि मी ते घड्याळ घेऊन घरी आलो.

पहिल्या दिवशी मी पाट घेऊन चुलीसमोर बसलो. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. घरातल्या रोजच्या कामांचा बारकाईने अभ्यास करायचा आणि मग त्या कामांना सोयीची अशी मांडणी करायची, असा माझा शास्त्रीय विचार होता. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात असं लिहिलेलं आहे: "सकाळ. डाळीचं मडकं वरून चौथं. वरची तीन उतरवली, परत चढवली. सहा हालचाली वाया." आणि त्याच्याखाली: "आई प्रत्येक मडक्याला उगाच हात लावते. अकरा वेळा. वेळेचा अपव्यय." अपव्यय या शब्दाखाली मी दोन रेघा ओढलेल्या आहेत.

"काय लिखी ऱ्हायनात?" बायकोने विचारलं.

"तुमना फेरा मोजी ऱ्हायनू."

"मोजीसन काय करशात?"

"कमी करसू."

"मंग आडवरथून दोन हंडा पानी आनी द्या. लगेच कमी व्हतीन."

विहिरीचं पाणी हा विषय माझ्या योजनेत बसत नव्हता, म्हणून मी पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी आराखडा तयार झाला. उतरंड हलवायची. तिच्या जागी लाकडी फडताळ, त्याला बारा खाने, बारा खान्यांत बारा पत्र्याचे डबे. ज्या क्रमाने दिवसभरात वस्तू लागतात त्याच क्रमाने खाने. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा चहात सुंठ लागते, म्हणून नंबर एक सुंठ. मग चहा, मग गूळ, मग मीठ, अशा क्रमाने पुढे जात शेवटी नंबर बारा कुटलेली शिकेकाई, कारण ती रोज लागत नाही. मी हे आईला समजावून सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"मडका कठे जातीन?" तिने विचारलं.

"मडकास्नं आते कामच नही, माय. डब्बा येतीन. एकसारखा."

तिचे हात थांबले. "एकसारखा?"

"बाराना बारा. एकच उंची, एकच झाकन. जिनमा शेत ना, तसा."

"आसं का," आई म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. ती भाकरी तव्यावर पडली, उलटली, फुगली. मग आई म्हणाली, "कर भो. तुन्हं घर शे."

'आईची संमती मिळाली,' असं मी वहीत लिहून टाकलं. आता कळतं की नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की खाट आलीच.

बायकोने मात्र मला दुपारी गोठ्यापाशी गाठलं. "आवो, उतरंडले हात लाऊ नका."

"का बरं?"

"मायना हातले सवय शे."

"सवय काय, आठ दिनमा लागस."

"तुम्हले समजत नही."

"मंग समजाडी सांग."

तिने तोंड उघडलं, घराच्या दाराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तिच्या गळ्यात आईची आण अडकली होती. मला वाटलं, माझा मुद्दा बिनतोड आहे.

फडताळ झालं. सुताराने चांगलं सागाचं केलं. रॉकेलचे डबे अर्धे कापून, कडा दुमडून, झाकणं बसवून पत्र्याचं काम करणाऱ्याने बारा डबे केले. मी स्वतः फडताळाला हिरवा रंग दिला आणि प्रत्येक खान्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. (रंग जिनातला, उरलेला. तो उरला आहे की नाही हे ठरवायचं काम माझंच होतं.) भिंतीवर यादी लावली. घरात वाचता येणारा मी एकटा होतो, पण स्टोअरमध्येही यादी वाचणारा मी एकटाच होतो आणि ते तर घड्याळ होतं. मडकी उकिरड्यावर टाकून ये, असं मी बायकोला सांगितलं. ती इतक्या लगेच "हा" म्हणाली की तिथे तरी मी कान टवकारायला हवे होते.

पहिल्या दिवशी चहात हळद पडली. मी पिवळा चहा प्यायलो आणि म्हणालो, "रंग बरा उना." दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि भाजीत दोघींचं मीठ होतं. तिसऱ्या दिवशी आई एकेका डब्याचं झाकण काढून वास घ्यायला लागली. 'वास घेण्याची नवी खोड,' मी लिहिलं. चौथ्या दिवशी असंच वास घेताना तिखटाच्या डब्यात तिचं नाक जरा खोल गेलं. आई शिंकली, डबा कलंडला, मी शिंकलो, बायको शिंकली, आणि वाऱ्याची दिशा गल्लीकडे असल्यामुळे पुढचा अर्धा तास आमची सगळी आळी शिंकत होती. समोरच्या ओट्यावरून कोणीतरी विचारलं, "आप्पा, नवं फडताळ चालू व्हयनं का?"

त्यानंतर आईने वास घेणं सोडून दिलं.

याच काळात फडताळात काही चमत्कारिक गोष्टी घडायला लागल्या. एके सकाळी मिठाच्या डब्याच्या कडीला चिंधी बांधलेली दिसली. स्टोअरमध्ये चिंधी म्हणजे आगीला आमंत्रण. मी ती सोडून टाकली. दुसऱ्या दिवशी गुळाच्या डब्यावर कणकेचा वाळलेला गोळा चिकटलेला. मी तो खरवडून काढला आणि डबा राखेने घासून लख्ख केला. तिसऱ्या दिवशी हळदीचं झाकण उलटं बसवलेलं. मी सुलटं केलं. रोज दुपारी बायको काहीतरी करायची आणि रोज संध्याकाळी मी ते निस्तरायचो. तिच्या अव्यवस्थितपणाचं मला खरोखर वाईट वाटायला लागलं होतं. एकदा ती मला म्हणाली, "तुम्हले जिनमा दुसरं काही काम नही का?" मी म्हणालो, "आते हंगाम नही." ती म्हणाली, "हंगाम कधळ शे?" तिने हे असं विचारलं की आजही आठवलं तर मला खाली बघावंसं वाटतं.

पण आई हरणारी नव्हती. ती डाव्या कडेला हात ठेवायची आणि बोटाने खाने मोजत जायची. पहिली ओळ चार, दुसरी ओळ चार, तिसरी चार. आठव्या-नवव्या दिवशी तिची आमटी पूर्वीसारखी झाली. त्या रात्रीच्या जेवणाला बायकोने पहिल्यांदा पोटभर खाल्लं. मी बोट वर करून म्हणालो, "आठ दिन. सांगं व्हतं ना?" आणि सगळं श्रेय फडताळाला देऊन टाकलं.

इथेच थांबलो असतो तर मी आज एक हुशार माणूस म्हणून मिरवलो असतो. पण आखाजी आली.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासरी गेलेल्या लेकींचा सण. माझी धाकटी बहीण जना हिची लग्नानंतरची पहिलीच आखाजी. मी बैलगाडी जुंपून धानोऱ्याला तिला आणायला गेलो, तेव्हा तिचे सासरे म्हणाले, सणाच्या दिवशी आम्हीही तुमच्या जावयाला घेऊन जेवायला येतो. आमचे हे व्याही म्हणजे भरघोस मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. पण कोणाच्या लग्नात वरण पातळ होतं हे ते वीस वर्षांनी सांगू शकत. आईने ही बातमी ऐकली आणि पदर खोचला. "आखाजीना सैपाक मीच करसू," ती म्हणाली. जना म्हणाली, "माय, मी करस ना." आई म्हणाली, "तू झोका खाय." तिला ठाऊक होतं की धानोऱ्याच्या पाहुण्यांसमोर एक पदार्थ बिघडला तर उद्या चार गावांत चर्चा होईल, परवा कोणीतरी तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवून बघेल आणि तेरवा सुतार खाटेचं माप घ्यायला येईल.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी बायका पितरांसाठी नवी घागर आणायला कुंभाराकडे गेल्या. घरात मी आणि फडताळ. आता, आमच्या जिनात एक पद्धत असते. हंगाम सुरू व्हायच्या आधी स्टोअरची हंगामी मांडणी करतात, म्हणजे ज्या वस्तू हंगामात आधी लागणार त्या पुढे आणि बाकीच्या मागे. मी विचार केला, सणाचा दिवस म्हणजे घराचा हंगामच. सणाला सकाळी आधी चहा होत नाही, आधी न्हाणं होतं. म्हणजे पहिली लागणार शिकेकाई. मी नंबर एकची सुंठ उचलली आणि नंबर बारात ठेवली. नंबर बाराची शिकेकाई नंबर एकात आणली. बाकी कशालाही हात लावला नाही. चांगला स्टोअरकीपर गरजेपेक्षा जास्त हलवाहलव करत नाही.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. जेवणाच्या पंगतीत व्याह्यांसमोर सांगायचं, असं मनात होतं. पहाटे न्हाण्यासाठी शिकेकाई मी स्वतःच वाटीत काढून बायकोच्या हातात दिली. ती जरा चकित झाली, पण मी मदत करतोय या धक्क्यातून ती सावरेपर्यंत विचारायचं राहून गेलं.

दहा वाजता व्याही आणि जावई आले. मी त्यांना ओसरीत बसवलं आणि बायकोला हाका मारून पाणी, पानसुपारी, वाळ्याचा पंखा असं एकेक मागवत राहिलो. जना मैत्रिणींबरोबर लिंबाच्या झोक्यावर. म्हणजे स्वयंपाकघरात आई एकटी. चुलीवर पालथं खापर तापलेलं, आई पुरणाची पोळी हातावर झेलत झेलत भाकरीच्या तिप्पट वाढवून त्या खापरावर टाकत होती. त्याला डोळे लागतच नाहीत. मग ती रसाकडे वळली. मोठ्या पातेल्यात आंबे पिळलेले. तिने डाव्या कडेला हात ठेवला, पहिल्या खान्यातला डबा घेतला आणि आत हात घातला. गाडग्यात दोन बोटं जायची, डब्यात अख्खी मूठ गेली. घरभर आंब्यांचा आणि धुराचा वास, त्यात शिकेकाईचा वास कुठून येणार? तिने रवी घेतली आणि रस घुसळायला लागली.

मी नैवेद्यासाठी आत गेलो तेव्हा ती म्हणाली, "आप्पा, आज रस भलता फेस धरी ऱ्हायना."

"जातिवंत आंबा शे, माय," मी म्हणालो. आंबे मी आणले होते.

आखाजीला आमच्याकडे पितरांना आगारी टाकतात. चुलीतले निखारे काढायचे आणि त्यांवर सगळ्या पदार्थांचा घास ठेवायचा. मी घागरीला हात जोडले, पोळीचा तुकडा ठेवला, त्यावर रस ओतला. निखाऱ्यावर रसाचे मोठमोठे बुडबुडे उठले, फुगले आणि फुटले. पितर प्रसन्न झाल्याची इतकी ढळढळीत खूण मी आजवर पाहिली नव्हती. मी पुन्हा एक पळी ओतली. (पितरांकडून आजतागायत तक्रार नाही. पण ते घरचेच होते.)

ओसरीतच पंगत बसली. व्याह्यांची पद्धत अशी की आधी रसाची वाटी उचलायची, एका दमात संपवायची आणि मग पोळीला हात घालायचा. त्यांनी वाटी उचलली, डोळे मिटले आणि संपवली. वाटी खाली ठेवली. डोळे मात्र उघडले नाहीत. त्यांच्या मिशांवर पिवळा फेस होता आणि त्यातले छोटे बुडबुडे एकेक करून फुटत होते. जावयाचा हात वाटीपाशी जाऊन थांबला. 

"याही," व्याही शांतपणे म्हणाले, "हाऊ रस खावाना शे का डोकं धोवाना?"

मी माझ्या वाटीत बोट बुडवून चाटलं. मग मी उठलो.

आत आई पुढची पोळी हातावर घेत होती. "माय, रसमा काय टाकं?"

"सुंठ. एक नंबरनी."

"एक नंबरमा शिकेकाई शे," मी म्हणालो आणि तो डबा तिच्यासमोर धरला. "हाई देख."

आईने पोळी खाली ठेवली आणि डबा घ्यायला हात पुढे केला. हात डब्यापासून वीतभर डावीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. ती तिथेच चाचपत राहिली. मी डबा हळूच उजवीकडे नेला. तिची नजर होती तिथेच राहिली, माझ्या आवाजाच्या दिशेला. माझ्या मागे बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "दोन वरीस व्हई गयात."

 मला वहीतली ती ओळ आठवली. अकरा वेळा. वेळेचा अपव्यय.

बायकोचे ते शब्द आईलाही ऐकू गेले. तिने दोन्ही हात पदराला पुसले. "आप्पा," ती म्हणाली, "याहीसमोर काही बोलू नको. आन खाट टाकशी तर ओसरीमा नको टाकू. आठेच टाक, चुल्हापाशी."

मला रडू आलं. चांगलं हमसून आलं. (हातातली शिकेकाई डोळ्यांत गेली, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो.) तेवढ्यात झोक्यावरून जना धावत आली. तिला कोणी काय सांगितलं कोण जाणे, पण तिने आईच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "माय, तू बठ आते. उठू नको. मी रांधस." ती किती मायेने म्हणाली! कोरीटच्या मुलांनीही असंच मायेने म्हटलं असणार. आईने खापराची कड घट्ट धरली. ते तापलेलं होतं, तरी सोडेना.

"जना," मी म्हणालो, "तू झोकावर जाय."

"पन दादा…"

"जाय सांगं ना. सैपाक माय करस."

मग मी बायकोकडे वळलो. "मडका उकिरडावर फेकी दिन्हात ना?"

"तुम्ही फेक सांगं," ती म्हणाली. "मी गोठामा ठी दिन्हात. थोडं थोडं भरेलच शेत."

गोठा आमच्या ओसरीच्या पुढे होता. म्हणजे तिथून स्वयंपाकघरात यायचं तर पंगतीच्या मधून यायचं. मी पितांबर नेसलेला, कपाळाला गंध, आणि कडब्याची धूळ झटकत मी पहिलं मडकं घेऊन व्याह्यांच्या ताटापुढून आत गेलो. मग बाहेर आलो. मग दुसरं मडकं घेऊन आत गेलो. बिबड्यांचा डेरा नेताना जावयाने मान खाली घातली, कारण तो जवळजवळ त्याच्या डोक्यावरून गेला. फेऱ्या कमी करण्यासाठी मी जे जे केलं होतं, त्याचा शेवट एकूण सात फेऱ्यांत झाला. मी मोजल्या. व्याहीही मोजत असावेत.

"याही," चौथ्या फेरीला त्यांनी विचारलं, "काय चालनं?"

"स्टोअर बदली ऱ्हायनू," मी म्हणालो.

"बदला, बदला," ते म्हणाले आणि मिशा पुसल्या.

आत मी उतरंड रचली. आईने तिच्यावर वरून खालपर्यंत एकदा हात फिरवला. मधली दोन मडकी मी उलटसुलट लावली होती. ती तिने काही न बोलता बदलून घेतली. मग राहिलेले आंबे तिने पिळले, गाडग्यात दोन बोटं घातली, चिमूटभर सुंठ टाकली आणि रवी फिरवली. या वेळी रस मुकाट्याने राहिला. बायको पोळ्या वाढत गेली. व्याह्यांनी नव्या वाटीकडे थोडा वेळ पाहिलं, घोट घेतला, आणि मग किती पोळ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही. त्या दिवसापुरतं मी मोजणं बंद केलं होतं.

निघताना ते स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. आई डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. "याहीनबाई," ते म्हणाले, "पुढली आखाजीले बी उनूत तर तुमनाच हातना रस पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "दुसरा रस." त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला आजवर समजलेलं नाही. एवढं खरं की धानोऱ्यात या गोष्टीचा एक शब्द कधी फुटला नाही.

संध्याकाळी मी वही काढली. ती अपव्ययाची ओळ खोडायला पेन्सिल टेकवली, पण स्टोअरच्या वहीत खाडाखोड चालत नाही. म्हणून शेजारी लिहिलं, "पुन्हा तपासलं. अकराही वेळा हात बरोबर." आणि खाली सही केली.

पुढच्या वर्षी धुळ्याला नेऊन आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून आणला. पट्टी सुटल्यावर घरी आली तेव्हा तिने आधी उतरंड पाहिली, मग नात्यागोत्यातले सगळे चेहरे पाहिले आणि सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात रिकामं पडलेलं फडताळ पाहिलं.  "रंग बरा शे," ती म्हणाली. चूल शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिली, आणि दिसायला लागलं तरी रांधताना ती मडक्यांना हात लावायची ते लावायचीच.

फडताळ मी मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. सागाचं होतं, मोडवेना. थोड्याच दिवसांत त्यात आमच्या कोंबड्या बसायला लागल्या. प्रत्येकीचा खाना ठरलेला, नंबर ठरलेला, येण्याची वेळही ठरलेली. माझी पद्धत एवढ्या निष्ठेने कोणीच पाळली नव्हती. फक्त नंबर सातवाली कोंबडी कधी कधी नंबर चारमध्ये जाऊन अंडं घालायची. मी तिला काही बोलायचो नाही. तिचंही काही कारण असेल.